खणांचं घर, स्लॅबचा घोर

महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीजवळ २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले लढता लढता पडले. वर्धा जिल्ह्यातली आष्टी १९४२च्या हुतात्म्यांमुळे ओळखली जाते. बीड जिल्ह्यातली तर तालुक्याचंच ठिकाण. परतूरहून माजलगावकडे जाताना लागणाऱ्या जालना जिल्ह्यातल्या आष्टीला पाठ्यपुस्तकात जागा मिळालेली नाही. पण गोदावरी आणि दुधनेच्या मधल्या या काळ्या मातीच्या पट्ट्याला एक लढाई पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: राहतं घर उकलायचं, त्याच जागी पुन्हा उभं करायचं आणि तोवर घरातल्या माणसांचं डोकं ठिकाणावर ठेवायचं.

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण घराघरांत ऐकवली जाते, ती बहुतेक वेळा पैशाच्या अंगानं. पण पैसा हा त्यातला एकच भाग. राहतं घर दुरुस्तीला काढलं की चुलीची जागा जाते, अंथरुणाची जागा जाते, म्हातारीची नेहमीची भिंत जाते. भावाभावांत ‘सामाईक भिंत कुणाची’ हा वर्षानुवर्षं झाकलेला प्रश्न पहिल्या पहारीबरोबर वर येतो. शेजाऱ्याची पन्हळ आपल्या अंगणात पडते, हे तीस वर्षं कुणाला खुपलेलं नसतं. नव्या भिंतीची दोरी लागली की ते खुपायला लागतं. मराठवाड्यातल्या जुन्या लोकांनी या सगळ्याचा बंदोबस्त कसा केला होता, हे पाहायचं तर आधी त्यांचं घर पाहायला हवं.

इथलं जुनं घर खोल्यांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. तीन खणांचं, पाच खणांचं, बारा खणांचं घर, असा हिशेब. सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचणाची आडवी लाकडं, त्यावर पाला, तुरकाट्या, आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. हे माळवद, किंवा इकडच्या बोलीत धाबं. भिंती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या, दोन-अडीच फूट रुंद. ऐपतीप्रमाणे ढाळज, ओसरी, चौक, माजघर, भिंतीत देवळ्या, धान्याला बळद. उजेडासाठी माळवदाला एक भोक ठेवलेलं असे, ते साणं. चुलीचा धूर त्यातून वर जाई आणि दुपारची तिरीप त्यातून खाली येई. पावसाची सर आली की पोरांपैकी कुणीतरी वर पळून त्यावर झाकण टाकायचं, हे ठरलेलं काम.

या घराची खोड म्हणजे ते कधीच पुरं होत नसे. दरवर्षी वैशाख संपता संपता, रोहिण्या निघायच्या सुमारास माळवद पाहायचं. उंदरांनी पोखरलेलं, चिमण्यांनी उकरलेलं, गवताच्या मुळ्यांनी भेगाळलेलं काय आहे ते बघायचं. मग गावच्या पांढरीतली किंवा पडक्या गढीची खारी माती गाडीनं आणायची. शेतातली काळी माती इथं कामाची नाही. ती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. पांढरी माती बारीक, चिकट, तिच्यात गवत सहसा उगवत नाही. ती पसरायची, चोपायची, पन्हळीकडं उतार धरायचा. खाली बायका भिंतींना पोतेरं देत, जमीन सारवत. मृगाचा पाऊस यायच्या आत हे उरकलं नाही तर त्या घराची चर्चा पारावर होई.

तरीही गळायचंच. भर पावसात, रात्री, घरातला कर्ता घोंगडं पांघरून शिडीनं वर चढायचा. खालून बायको टोप कुठं ठेवला आहे ते ओरडून सांगायची: देवळीच्या वर, दुसऱ्या खणात, जरा उजवीकडं. वरचा माणूस अंधारात पायानं चाचपत तिथवर जायचा, मातीचा गोळा टाकायचा आणि टाचेनं दाबायचा. ‘थांबलं का?’ ‘न्हाई.’ आणखी एक गोळा. अशा वेळी घरात भांडण व्हायला वेळ लागत नसे, पण त्या भांडणाला मुदत होती. सकाळी ऊन पडलं की विषय संपे.

इथं एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुरुस्तीचा त्रास कमी नव्हता. तो थोडा-थोडा करून दरवर्षी घेतला जाई. शिवाय तो एकट्या घराचा नसे. सगळ्या गावाची माळवदं एकाच पंधरवड्यात निघत, त्यामुळं गाडी, बैल, शिडी, चोपणं हे सारं उसनं फिरत राही आणि माणसंही. आफ्रिकेतल्या मालीमधल्या जेन्ने गावात मातीच्या प्रचंड मशिदीचं लिंपण असंच दरवर्षी होतं. आज उभी असलेली मशीद १९०७ सालची. ठरल्या दिवशी सगळं गाव चिखलात उतरतं, तरुणांच्या टोळ्यांमध्ये माती आधी कोण नेतो याची शर्यत लागते, ढोल वाजतात. परतूर-मंठ्याकडं माळवदाचा उत्सव कधी झाला नाही, आमच्याकडं मातीच्या कामाला फारशी प्रतिष्ठा नव्हतीच. पण कामाची तऱ्हा तीच: घराची डागडुजी ही आपत्ती न मानता पेरणीसारखं एक हंगामी काम मानायचं.

नवं घर किंवा मोठी उकलाउकल मात्र हंगामात मावत नसे. तिथं कारागीर लागत, आणि कारागीर म्हटला की त्याचा मान, त्याचे वार आणि त्याचा ‘उद्या’ आलाच. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुतेदारीचं जे चित्र काढलं, त्यात सुतार हा शेतकऱ्याचा नित्याचा माणूस. नांगर, वखर, तिफण यांची दुरुस्ती तो बलुत्यात करी आणि खळ्यावर धान्य नेई. घराचं काम हा वेगळा व्यवहार, त्याची मजुरी वेगळी ठरे. पण ठरवणारी माणसं एकमेकांना आयुष्यभर भेटणारी असत. तुमची तुळई वाकडी बसवणाऱ्या सुताराला पुढच्या पेरणीला तुमच्याच दारात यायचं असे, आणि त्याची मजुरी बुडवणाऱ्याला तिफण त्याच्याकडूनच भरून घ्यायची असे. कागद नव्हता, तरी दोन्ही बाजूंना धाक होता. आज करारनाम्यावर सही असते, मिस्त्री मात्र तीन तालुक्यांत पाच कामं धरून बसलेला असतो.

कामाची गती पंचांग ठरवी. पाया खणायला मुहूर्त, चौकट उभी करायला मुहूर्त. चौकटीला हळद-कुंकू, नारळ, मिस्त्रीला उपरणं किंवा टोपी. पितृपक्षात नवं काही काढायचं नाही. अमावास्येला गवंडी-सुतार हत्याराला हात लावत नसत. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी बांधकामाची सुट्टी रविवारी नव्हे, अमावास्येला असे, आणि अजूनही असते. या सगळ्याला श्रद्धा म्हणा किंवा रूढी. घरमालकाच्या डोक्याला त्यातून सक्तीचा विसावा मिळे, एवढं खरं. एक दिवस धूळ नाही, ठोकाठोक नाही, कुणाला चहा द्यायचा नाही. शहरातल्या माणसाला हे आता समुपदेशक सांगतो.

आष्टीहून घनसावंगी तालुक्यातलं जांब फार लांब नाही. तिथं १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी मनाला उपदेश केला, हे सर्वांना माहीत असतं. बांधकाम, त्याची सामग्री, कामकरी यांची तपशीलवार जंत्री असलेलं ‘कारखाने प्रकरण’ त्यांच्याच नावावर आहे, हे कमी जणांना ठाऊक असतं. मठ उभारत हिंडणाऱ्या माणसाला चुना, विटा आणि मजूर यांची गाठ पडल्याशिवाय कशी राहील? मन आणि इमारत या दोन्हींची काळजी वाहणारा हा याच मुलखातला माणूस.

हा भाग पुढं, १९४८च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपेपर्यंत, हैदराबादशी बांधलेला होता. परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला तेव्हा तो तिकडं आला. घरांवर हैदराबादची खूण उमटली ती रेल्वेमुळं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-हैदराबाद मार्ग सुरू झाला, परतूरला स्टेशन आलं आणि निजामाच्याच राज्यातल्या गुलबर्ग्याकडची शहाबादी फरशी वाघिणींतून येऊ लागली. सारवलेल्या जमिनीची जागा ओसरीपुरती का होईना, फरशीनं घेतली. बाईच्या अंगावरचं आठवड्याचं सारवण त्या प्रमाणात कमी झालं. घराच्या इतिहासात राजे-नवाब येतात, सारवण कुठं येत नाही. पण मराठवाड्यातल्या बाईच्या दिवसात निजामाचं राज्य गेल्यानं जो फरक पडला नसेल तो या फरशीनं पडला, असं म्हणायला हरकत नाही.

सिमेंटचं तसं झालं नाही. ते बराच काळ परमिटवर मिळे. महाराष्ट्रात त्यावरून सरकार हललं, अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, ते सिमेंट वाटपाच्या प्रकरणातच. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. तोवर खेड्यातल्या माणसाला स्लॅब ही शाळेच्या नाहीतर सोसायटीच्या गोदामाच्या डोक्यावर दिसणारी गोष्ट. पुढं जालन्यात पोलाद गिरण्या वाढल्या, सळई दारात आली, आणि माळवदाचे दिवस भरत आले.

ते भरले एका रात्रीत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत गेलेल्या माणसांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. बहुतेक जण घराखाली गाडले गेले. चिखलात रचलेल्या, आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत न गुंतलेल्या भिंती दोन्हीकडं फुटल्या आणि वरची माती खाली आली. ही माती एका वर्षाची नव्हती. आजोबांनी टाकलेल्या थरावर बापानं, बापाच्या थरावर मुलानं, दर रोहिण्यांना एकेक टोपली वाढत ती दोन-अडीच फुटांवर गेलेली. घर राखण्याची जी रीत पिढ्यांनी मुरवली होती, तिनंच छत जड केलं होतं. जुन्या घराच्या गारव्याचं कौतुक करणाऱ्यांनी हे विसरू नये. आणि त्याच वेळी हेही: जिथं खणांचा लाकडी सांगाडा धड होता, खांब भिंतीवर न विसंबता स्वतः उभे होते, तिथं भिंती ढासळूनही छत वर अडून राहिलं आणि माणसं निघाली.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनाबद्दल लिहिताना नजर जाते ती नव्यानं वसवलेल्या ५२ गावांकडं. घर दुरुस्तीचा खरा प्रयोग मात्र दुसरीकडं झाला. जागतिक बँकेच्या साहाय्यानं राज्य सरकारनं जो कार्यक्रम घेतला, त्यात तेरा जिल्ह्यांमधली दीड लाखाहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. ठेकेदार नेमून नव्हे, घरमालकानं स्वतः, टप्प्याटप्प्यानं मिळणाऱ्या पैशातून. म्हणजे अक्षरशः लाखाहून जास्त कुटुंबांनी एकाच वेळी राहतं घर कामाला काढलं. माळवदाची माती कमी करायची, भिंतीत आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे दुवे घालायचे, दारं-खिडक्यांच्या वरून पट्टा फिरवायचा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू द्यायचे. अभियंत्याला हे सोपं वाटतं. पण ‘वरची माती काढा’ म्हटल्यावर ज्या माणसानं आयुष्यभर माती वाढवण्यालाच घर सांभाळणं मानलं, त्याला ते पटणार कसं?

तिथं बायका उपयोगी पडल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. शेकडो गावांत या बाया घरोघर फिरल्या. हप्ता कुठं अडला, सिमेंट किती पोती लागेल, गवंडी टेकू नीट बसवतो आहे का, याचा पाठपुरावा त्यांनी केला. एरवी बांधकामाच्या बोलण्यात बाईनं चहा आणून ठेवायचा आणि आत जायचं अशी रीत. इथं तीच वहीत पोती मांडत होती. यातून घरं मजबूत झाली हे तर आहेच, पण घरमालकाचा ताण हलका व्हायला दुसरंही कारण होतं. विचारायला माणूस होता, तो गावातलाच होता आणि आपल्याच भाषेत बोलत होता. अर्ध्या रात्री ‘आपण फसलो तर नाही?’ म्हणून उठून बसणाऱ्या माणसाला नकाशापेक्षा याची गरज असते.

किल्लारी आष्टीपासून दूर असली तरी त्या पहाटेनंतर मराठवाड्यात माळवदाखाली निवांत झोपणारी माणसं कमी झाली. ऐपत आली तशी धाबी उतरली. कापसाचे पैसे आले की पाया, पुढच्या साली भिंती, त्यानंतर स्लॅब असा क्रम लागला. जुन्या वाड्याचे सागवानी खांब, नक्षीची चौकट, कडीपाट हे जुन्या लाकडाचे व्यापारी येऊन नगावर उचलू लागले. विकणाऱ्याला त्यातून सळईचे पैसे सुटत, घेणाऱ्याला शहरातल्या हॉटेलसाठी खांब मिळत. सौदा कुणाच्या फायद्याचा झाला ते सांगायला नकोच.

आणि इथूनच घोर वाढला. माळवद दरवर्षी थोडा त्रास देई. स्लॅब आयुष्यात एकदाच, पण सगळा एकदम. त्यासाठी वर्षांची बचत, सोनं, सोसायटीचं कर्ज, मेहुण्याची उसनवारी असं सगळं एका छपराखाली येतं. पूर्वी सारं गाव एकाच पंधरवड्यात माळवदावर असे. आता ज्याचं काम निघालं तो एकटाच निघालेला असतो. बिऱ्हाड शेतातल्या आखाड्यावर किंवा गोठ्याच्या एका बाजूला जातं. शाळेची पोरं तिथून ये-जा करतात. रोज संध्याकाळी मिस्त्रीला एकच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तरही एकच: ‘उद्या येतोच की.’ त्यात नव्वदीनंतर वास्तुशास्त्र नावाचं प्रकरण शिरलं. तेव्हापासून बांधून झालेला जिना आग्नेयेकडून हलवण्याचा खर्च आणि त्यावरची धुसफुस यांची भर पडली. आजोबांना वास्तुशांत पुरे होती. दूध उतू घातलं, जेवणं झाली, संपलं.

काही जुन्या युक्त्या तरीही टिकून आहेत, आणि त्या काम देतात. अर्धवट भिंतीवर नजर लागू नये म्हणून टांगलेली काळी बाहुली दिसते. चौकटीचा नारळ चुकत नाही. स्लॅब पडतो त्या दिवशी सेंट्रिंगवाले, मिक्सरवाले, टोपल्या वाहणाऱ्या बाया, बिगारी अशा सगळ्यांना घरमालकाकडून जेवण, आणि शक्यतो गोड नाहीतर मटण. हिशेबात हा खर्च फुकटचा वाटतो. पण ज्या मिस्त्रीवर चार महिने दात खाल्ले त्याच्याच ताटात वाढायचं, हा एक दिवस सगळ्यांच्या चेहऱ्यावरचे ताण उतरवतो. बहुतेक घरांत मिस्त्रीशी पहिलं हसून बोलणं त्याच दिवशी होतं.

गरिबाच्या घराला आता सरकारचा हात आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, सोबत रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. पैसे टप्प्यानं येतात: पाया झाला, फोटो, भिंती झाल्या, फोटो, मग पुढचा हप्ता. फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह मोबाईलवर चढवायचा असतो. त्यामुळं ग्रामपंचायतीत हप्त्याची चौकशी करणाऱ्यांची रांग, आणि कुणाचा फोटो ‘रिजेक्ट’ झाला याची गावभर बातमी. वाळूचं त्याहून अवघड. गोदावरी जवळ असूनही वाळू जवळ नाही. २०२३च्या धोरणानं ब्रासला ६०० रुपये दर लावला, २०२५च्या धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं ठरलं. वाहतूक आपली आपण करायची, आणि ट्रॅक्टरवाल्याला वाळूचा भाव मोफत झाला तरी डिझेलचा झालेला नसतो.

मे महिन्यात स्लॅब टाकणं तेवढं टाळावं, असं इथले जाणते मिस्त्री सांगतात. पण मृगाच्या आत छप्पर पाहिजे म्हणून बहुतेकांचा स्लॅब मेमध्येच पडतो. मग ओल्या काँक्रीटवर मातीचे किंवा सिमेंटचे छोटे बांध घालून आळी करायची आणि त्यांत पाणी भरून ठेवायचं, किमान आठवडा, मिस्त्रीच्या हिशेबानं एकवीस दिवस. गावच्या नळाला तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी पुष्कळ. विहिरी तळाला गेलेल्या असतात. टँकर विकत घ्यावा लागतो, आणि घर बांधायच्या कुठल्याच अंदाजपत्रकात टँकर लिहिलेला नसतो.